वामननानांचा मागचा टर्बो

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर एक म्हातारे गृहस्थ उघड्या छातीनं बसले होते आणि मी त्यांना लांब श्वास घ्यायला सांगत होते. कंपाउंडरनं दारातूनच सांगितलं, नशिराबादहून फोन आहे. नशिराबाद म्हटल्यावर मी उठले. "ताई, नाना गेले," प्रज्ञा म्हणाली. सकाळी चहाची कपबशी घेऊन मागच्या शेडमध्ये गेले, बाकावर बसले, आणि अक्का कपबशी न्यायला गेल्या तर मान भिंतीला टेकलेली. चहा संपवलेला होता, हे तिनं मुद्दाम सांगितलं. मी परत येऊन त्या गृहस्थांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला, आणि किती वेळ तसाच धरून ठेवला कोण जाणे... शेवटी तेच म्हणाले, "बाई, श्वास सोडू का आता?"

याला आता महिना होऊन गेला. वामन सोनवणे हे नाव पुरवणीच्या वाचकांना ठाऊक असायचं काही कारण नाही. साक्रीकडच्या एका लहानशा गावात जन्मलेला हा माणूस तरुणपणी दीपनगरच्या वीजकेंद्रात फिटर म्हणून लागला आणि निवृत्त होईपर्यंत टर्बाइनच्या देखभालीत राहिला. वाफेच्या जोरावर गरगरणारी ती अजस्र चक्रं त्यांनी आयुष्यभर उघडली, पुसली, पुन्हा जुळवली. त्या गर्जनेत त्यांचा उजवा कान पुरता गेला आणि डावा अर्धा. निवृत्तीनंतर नशिराबादला हायवेपासून दोन गल्ल्या आत घर बांधलं, घरामागं पत्र्याची शेड घातली, आणि तिथं ते पंप, मोटरी, शिलाई मशीन, जे येईल ते दुरुस्त करत बसत. पत्नी म्हणजे आमच्या अक्का, आणि शाळेत शिकवणारी मुलगी प्रज्ञा, एवढंच घर. माझी त्यांची ओळख झाली ती आमच्या गाडीमुळं, आणि ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले आहे तेही त्या गाडीचंच.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा सातपुड्यातल्या मोहपाणी नावाच्या वस्तीवर एका संस्थेचं आरोग्यकेंद्र चालवत होते. मोहपाणी खोऱ्यात आहे, वाटीच्या तळाशी असावी तशी. तिथून फैजपूरकडं किंवा कुठंही जायचं तर आधी खिंड चढायची. रस्ता मुरमाचा, आणि त्याच्या तिसऱ्या वळणावर असा चढ की चालत जाणाऱ्यानंही गुडघ्यावर हात ठेवावा. संस्थेची जीप दुसऱ्या केंद्राकडं होती. आमच्या वाट्याला एका केळीच्या व्यापाऱ्यानं देणगी दिलेली छोटी मोटार आली होती, तीन सिलिंडरची, पांढरी. शहरात ती दिमाखात पळाली असती. पण मागं पेशंट, पेशंटजवळ एक बाई, पुढं नातेवाईक, पायाशी ऑक्सिजनची नळकांडी, असं ओझं झालं की तिसऱ्या वळणावर ती धापा टाकून थांबायची. मग सगळे उतरणार, कुणी चाकामागं दगड लावणार, कुणी ढकलणार. आमचे ड्रायव्हर सुभानभाई तडवी यांनी त्या वळणाला नावच दिलं होतं, 'उतरा'.

त्या उन्हाळ्यात रुमलीबाई नावाची एक पहिलटकरीण घेऊन आम्ही निघालो होतो. कळा सुरू होत्या. उतऱ्यावर गाडी थांबली. आम्ही ढकललं, हलेना. शेवटी रुमलीबाई स्वतःच दार उघडून खाली उतरली. मी नको नको म्हणत असताना सासूच्या खांद्याला धरून चढायला लागली. कळ आली की थांबायची, गेली की चालायची. रिकामी गाडी तिच्या मागून हळूहळू येत होती. खिंडीत पोचायच्या आधीच अंजनाच्या झाडाखाली ती बाळंत झाली. दोघं जगली, नशीब. गावात सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मला मात्र तिची ती पाठ दिसत राहिली, चढावरून पुढं जाणारी, आणि मागं माझी मोटार.

चारच दिवसांनी जळगावहून औषधं घेऊन येताना नशिराबादजवळ गाडीतलं पाणी उकळलं. लोकांनी नानांचं घर दाखवलं. बारीक अंगाचे, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ हातात लांब पेचकस घेऊन आले. पेचकसाचं टोक त्यांनी चालू इंजिनावर टेकवलं आणि लाकडी मूठ डाव्या कानामागच्या हाडाला लावली. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मला हसू आलं, कारण मी दिवसभर तेच करत असे. माझी जुनी स्टेथोस्कोपची नळी मी त्यांना तिथंच देऊन टाकली. ती कानात घालून इंजिनावर टेकवल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की अक्का दारातून म्हणाल्या, "आता जेवायला नाही येत हा माणूस."

पाणी निवेपर्यंत आम्ही शेडमध्ये बसलो. का कोण जाणे, मी त्या परक्या माणसाला रुमलीबाईची सगळी हकीकत सांगितली, मोठ्यानं, कानाशी वाकून. ते म्हणाले, "त्या बाईचं वजन किती असेल?"

मला राग आला. मी म्हटलं, "नाना, मी काय सांगतेय आणि तुम्ही काय विचारताय."

"बाई, मले रडता येत नाही," ते शांतपणे म्हणाले. "वजन सांगा. सासूचं सांगा. नळकांडीचं सांगा. मग त्या चढाचं पाहू."

पुढच्या रविवारी ते मोहपाणीला हजर झाले, एसटीनं आणि मग चालत, खांद्यावर केळीचे घड तोलायचा काटा घेऊन. नळकांडी टांगली, औषधांची पेटी टांगली, मागची सीट काढून टांगली. माणसांना केंद्रातल्या वजनकाट्यावर उभं केलं, मलाही. उतऱ्यावर जाऊन दोरी आणि ओळंबा लावून चढ मोजला. संध्याकाळी वहीतल्या आकड्यांवर बोट ठेवून त्यांनी निकाल दिला. इंजिन चांगलं आहे, सुभानचा पाय चांगला आहे, पण एवढं ओझं त्या चढावर न्यायला तिच्या अंगात जोरच नाही. तो बाहेरून द्यावा लागेल.

तो कसा द्यायचा हे त्यांनी मला चुलीपुढं बसून समजावलं. इंजिन धूर फेकतं, तो गरम असतो आणि जोरात असतो. तो फुकट जातो. त्या धुरावर एक छोटं चाक फिरवायचं. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चाक. ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबणार. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जळणार, म्हणून जोर जास्त. याला टर्बो म्हणतात. "आमच्या दीपनगरच्या टर्बाइनचं हे शेंडेफळ समजा," ते म्हणाले. मुंबईच्या भंगार बाजारात परदेशी छोट्या गाड्यांचे सुटे भाग येत. तिथून एका जुन्या सहकाऱ्यामार्फत त्यांनी तसा एक मिळवला. नारळाएवढा, काजळीनं काळाठिक्कर. आठ दिवस रॉकेलनं धुऊन, दांड्याचा खेळ बोटांनी चाचपून त्यांनी तो चकचकीत केला आणि अक्कांच्या देव्हाऱ्यात, बुद्धाच्या लहानशा मूर्तीशेजारी ठेवून दिला. अक्का म्हणाल्या, निदान पुसून तरी ठेवलाय.

पण खरा प्रश्न होता बसवायचा कुठं. सगळं जग तो इंजिनाजवळ बसवतं, आणि नानांचं मन तिथं घेईना. त्या गाडीच्या बॉनेटखाली हात घालायला जागा नाही. आमच्याकडं मे महिन्यात पेट्रोल नळीतच उकळायचं, त्यात शेजारी लाल तापलेलं लोखंड ठेवायचं, आणि मागं पेशंट झोपवायचा. मग त्यांच्या मनात आलं, की गाडीच्या शेपटाशी, जिथं सायलेन्सर असतो तिथं हा का बसवू नये. जागा आहे, वारा आहे, आगीची भीती नाही, आणि दाबलेली हवा पाइपातून पुढं येईपर्यंत वाटेतच निवते. पण उलट बाजूही जड होती. एवढ्या लांब येईपर्यंत धुरातला जोर कमी होतो. पाय दाबला की जोर उशिरा येतो. गाडीची ओढ पुढच्या चाकांत, आणि आपण मागं ओझं वाढवलं तर चढावर पुढची चाकं हलकी होऊन घसरतील. खालून दगड लागणार, ओढ्याचं पाणी उडणार. आणि सगळ्यात मोठं म्हणजे तेल. टर्बोच्या दांड्याला इंजिनाचं तेल सतत लागतं. ते मागं जाईल, पण परत येणार कसं? आपण होऊन वर चढून येणारं ते तेल नव्हे.

तीन आठवडे ते हे तोलत राहिले. वहीच्या एका पानावर 'पुढे', समोरच्या पानावर 'मागे', आणि खाली बारीक अक्षरात फायदे-तोटे. मागे टर्बो धरायचे लोखंडी कंस, पाइप, सगळं त्यांनी त्याच केळीच्या काट्यावर टांगून पाहिलं, आणि काढून टाकायचा सायलेन्सरही. फरक निघाला पाच किलोचा. जॅक, अवजारं, स्टेपनी पुढच्या सीटपाशी हलवून तो त्यांनी भरून काढला. जळगावच्या एका नावाजलेल्या गॅरेजवाल्याला विचारलं, तर तो चारचौघांत हसला. "नाना, मागं टर्बो म्हणजे बैलाला शेपटीनं ओढणं."

नाना म्हणाले, "बैल शेपूट पिळल्याशिवाय चढतो का?"

पण घरी येऊन ते पुन्हा वही उघडून बसले. तेलाचं कोडं सुटत नव्हतं. त्या रविवारी मी गेले तेव्हा ताटातली भाकरी तशीच. म्हणाले, "बाई, खाली गेलेलं वर आणायचं. लांबून. काय करावं?"

मी सहज म्हटलं, "नाना, माणसाच्या पायातलं रक्त रोज वर येतंच की."

"कसं येतं?"

"चालताना पोटऱ्या आवळतात, त्या रक्त पिळून वर ढकलतात. आणि मध्ये झडपा असतात, त्या त्याला परत खाली उतरू देत नाहीत."

त्यांनी मला ते कागदावर काढायला लावलं. मी पाय काढला, शिरा काढल्या, झडपा काढल्या. त्यांनी पेन्सिलीनं त्या पोटरीभोवती एक गोल केला. "म्हणजे हृदयाच्या भरवशावर नाही राहायचं. वाटेत दुसरा पंप ठेवायचा." आणि मग स्वतःशीच, आपल्या बोलीत, "व्हई जाई... बठ्ठं व्हई जाई." होईल, सगळं होईल. भाकरी त्यांनी उभ्यानंच खाल्ली. माझं ते पायाचं चित्र पुढं कितीतरी दिवस शेडच्या भिंतीवर चिकटवलेलं होतं. येणारे लोक अक्कांना विचारत, नानांचा पाय दुखतो का.

टर्बोच्या खाली तेल गोळा व्हायला एक लहान डबी, डबीतून तेल ओढणारा विजेवरचा छोटा पंप, नळीत झडप, आणि पंप बंद पडला तर सुभानभाईंच्या समोर पेटणारा तांबडा दिवा. एवढं झालं आणि पहिल्या चाचणीलाच फजिती झाली. हायवेवर गाडी काढली, अर्ध्या मैलात मागून असा पांढरा धूर निघाला की मागचे ट्रकवाले थांबले, आणि शेतातून लोक घागरी घेऊन धावले. डबी लहान पडली होती, तेल भरून धुरात उतरलं होतं. नाना रस्त्याच्या कडेला उभे राहून तो धूर जाईपर्यंत पाहत होते. मला वाटलं, आता हे सोडून देणार. ते म्हणाले, "पंप चालू होता. दिवा पेटला नाही. म्हणजे डबीचीच चूक," आणि त्यांचा आवाज चक्क आनंदी होता.

दुसरी फजिती कुकरची. हवा ठरावीक दाबापलीकडं गेली तर इंजिन फुटेल, म्हणून जादा हवा सोडून द्यायला झडप हवी होती. नानांनी अक्कांच्या कुकरची शिट्टी उचलली आणि लेथवर घासून हलकी करून पाइपावर बसवली. सपाट रस्त्यावर ती छान वागली. मुरमाच्या रस्त्यावर मात्र दर खड्ड्याला उडायला लागली, आणि गाडी वरण शिजत असल्यासारखी फुसफुसत चालली. अक्कांनी तीन आठवडे डाळ पातेल्यात शिजवली आणि एकदाच म्हणाल्या, "गाडी पोटुशी आहे की काय?" मग नानांनी शिट्टीच्या जागी स्प्रिंग लावली. ते जमलं. कार्बोरेटरची समजूत घालायला आणखी दोन महिने गेले, कारण बाहेरून हवेचा दाब आला की पेट्रोल आत जायला तयार होईना. संस्थेच्या वयस्कर चिटणिसांनी दोन ओळींचं पत्र दिलं, डॉक्टरांच्या जबाबदारीवर परवानगी आहे. ते पत्र मी नानांना वाचून दाखवलं तेव्हा ते गंभीर झाले. म्हणाले, "तुमच्या नव्हे. माझ्या." आणि मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. आपली खात्री होईपर्यंत त्या गाडीत पेशंट बसू द्यायचा नाही, असं त्यांनी मला बजावलं. पेशंटच्या, सासूच्या, नळकांडीच्या वजनाची वाळूची पोती भरली, आणि सुभानभाईंना घेऊन ते स्वतः खिंड चढू-उतरू लागले. पंधरा दिवस. दर फेरीनंतर गाडीखाली झोपून नळी लावून ऐकायचे. टर्बोची बारीक शीळ मात्र त्यांना ऐकू येत नसे, तेवढा उंच आवाज त्यांच्या कानातून कधीच गेला होता. मला विचारायचे, "शीळ येते का?" मी मान हलवली की समाधानानं पुढच्या कामाला लागायचे. आपण घडवलेल्या वस्तूचा आवाज त्यांनी दुसऱ्याच्या कानांनीच ऐकला.

सुभानभाईंना त्यांनी शिकवलं ते एका वाक्यात. "वळण दिसायच्या अगोदर पाय दाब. ती उशिरा ऐकते, माझ्यासारखी."

मग पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातला तो दिवस आला. नाना त्या सकाळी तेल पाहायला आले होते, दुपारी आमच्यासोबतच परत जाणार होते. अकराच्या सुमाराला झुनाबाईला खाटेवर घालून आणलं. तपासलं तर मूल आडवं, पाणी गेलेलं. ऑपरेशनशिवाय इलाज नाही, आणि ऑपरेशन फैजपूरला. मी गाडी काढायला सांगितली. मागं झुनाबाई, तिचं डोकं सासूच्या मांडीवर, पायाशी मी अंग चोरून. पुढं सुभानभाई, त्यांच्या शेजारी नवरा, आणि नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून नाना. गाडी हलली, आणि दहा पावलांवर नानांनी सुभानभाईंच्या खांद्यावर हात ठेवून ती थांबवली.

"मी उतरतो," ते म्हणाले. "बासष्ट किलो."

मी म्हटलं, "नाना, तुम्ही हवेत. वाटेत काही झालं तर..."

"काही झालं तर मी काय करणार? नवरा लागेल तिथं, कागदावर सही करायला. माझं काम झालेलं आहे." दार लावता लावता खिडकीतून वाकून त्यांनी झुनाबाईला म्हटलं, "उतरू नको हां बाई. कोणी सांगितलं तरी उतरू नको."

त्यापुढचं मला असं आठवतं. पहिलं वळण, दुसरं वळण, मागच्या काचेतून आग ओतत असलेलं ऊन. माझा हात झुनाबाईच्या पोटावर. तिसरं वळण दिसायच्या आधी सुभानभाईंनी पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. गाडी जड झाली, नेहमीसारखी, आणि सासूनं सवयीनं दाराच्या कडीवर हात ठेवला. मग माझ्या पाठीमागून, गाडीच्या शेपटातून ती शीळ उठली, बारीक, मग मोठी... आणि कुणी पाठीला हात लावून पुढं सरकवावं तशी गाडी सरकली. थांबली नाही. दगड मागं गेले, अंजनाचं झाड मागं गेलं. आरशात मला दिसलं, सुभानभाई रडत होते. खिंडीच्या माथ्यावर वारा आत आला आणि सासूनं कडीवरचा हात काढून पदरानं सुनेचं तोंड पुसलं.

नानांचं काय झालं ते मला संध्याकाळी कळलं. ते खाली रस्त्यात उभे राहून ऐकत होते, पण त्यांना काही ऐकू येईना. बांधावर एक म्हातारी शेळ्या राखत होती. तिला त्यांनी विचारलं, आवाज येतोय का? ती म्हणाली, येतोय. पुन्हा विचारलं. येतोय. मग ती म्हणाली, "बंद झाला." गाडी माथ्यापलीकडं गेली की उतऱ्यावर बंद पडली, हे तिला सांगता येईना. एकसष्ट वर्षांचा तो माणूस त्या उन्हात खिंड चढायला लागला. त्यांनी मला नंतर सांगितलं, तो रस्ता त्यांना तेवढा लांब जन्मात कधी वाटला नव्हता. प्रत्येक वळणाला वाटायचं की आता पांढरी गाडी दिसेल, चाकामागं दगड लावलेली, आणि तिच्या पुढं चालणारी एक बाई.

ऑपरेशन संपवून मी दवाखान्याच्या व्हरांड्यात आले तेव्हा अजून उजेड होता. नाना पायरीवर बसले होते. अंगावर धुळीचा थर, केळीच्या ट्रकमधून आले होते. मी कानाशी वाकून सांगितलं, "मुलगी आहे. दोघीही बऱ्या आहेत."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "गाडी चढली ते मला अगोदरच समजलं होतं."

"कसं?"

"उतऱ्यावर पोचलो. वाकून पाहिलं. धुळीत चाकांच्या दोन रेघा होत्या, सरळ, वरपर्यंत. पाऊल एकाचंही नव्हतं, बाई. दगड बाजूला तसेच पडलेले. मी तिथंच बसलो थोडा वेळ." आणि मग हातांनी तोंड झाकून ते हसायला लागले. असं हसताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि मीही त्यांच्या शेजारी पायरीवर बसून, रक्ताचे डाग पडलेला कोट तसाच ठेवून, हसत राहिले. जाणारे-येणारे पाहत होते.

त्यानंतर त्या गाडीनं किती खेपा केल्या हे मी मोजलं नाही. एकदा पंपाचा दिवा पेटला, नानांच्या सूचनेप्रमाणं सुभानभाईंनी गाडी जागच्या जागी थांबवली, नाना दुसऱ्या दिवशी येऊन पंप बदलून गेले. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यापासून जपायला त्यांनी पत्र्याचं झाकण केलं. उतरा हे नाव मात्र कुणी बदललं नाही. नवीन आलेली नर्स विचारायची, इथं कशासाठी उतरायचं, आणि सुभानभाई ऐटीत सांगायचे, "उतरायचं नाही, म्हणून."

गोष्ट जळगावपर्यंत गेली. तो हसलेला गॅरेजवाला एक दिवस स्वतः नशिराबादला आला, गाडीखाली झोपून सगळं पाहून गेला आणि जाताना नानांच्या पाया पडला. मग हौशी तरुण येऊ लागले, नाना, आमच्या गाडीलाही लावा, धुळ्याला तासाभरात पोचायचंय. नाना त्यांना चहा पाजायचे, वही काढायचे, दोन्ही पानं वाचून दाखवायचे. मग विचारायचे, "तुझा घाट कुठं आहे?" घाट नसेल तर लावायचे नाहीत. कितीही गळ घातली तरी नाही. ज्याला गरज नाही त्याच्या गाडीला हे लावणं म्हणजे ताप नसलेल्याला सुई टोचणं आहे, असं त्यांचं मत होतं. ते त्यांनी माझ्याकडून उचललं असावं.

पुढं खिंडीत डांबरी रस्ता झाला, चढ कापला, संस्थेला मोठी रुग्णवाहिका मिळाली. तेव्हा नानांनी स्वतः येऊन टर्बो काढला आणि जुना सायलेन्सर परत बसवला. मला वाईट वाटलं. त्यांना मुळीच नाही. "काम झालं की काढायचं असतं, बाई. टाके नाही का काढत तुम्ही?" त्यानंतर मी धुळ्याला आले, भेटी कमी झाल्या. पण दर दिवाळीला मी जायचे, आणि अक्का कुकरकडं बोट दाखवून तीच थट्टा करायच्या.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी नशिराबादला गेले. भन्तेजींचं वंदना-पठण चालू होतं. मंडपात मागच्या बाजूला मोहपाणीची माणसं बसली होती, एका टेम्पोतून आली होती, तीसेक तरी. त्यात झुनाबाई होती. ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "त्यांनी मला उतरू नको म्हटलं होतं. मी नाही उतरले." एवढंच बोलली आणि पदर सावरून समोर पाहत राहिली. कार्यक्रम संपल्यावर प्रज्ञा मला शेडमध्ये घेऊन गेली. बाकावर एका शिवणयंत्राचं पोट उघडून ठेवलं होतं, अर्धं राहिलेलं. ती म्हणाली, "हे मी पूर्ण करणार आहे. येतं मला."

नानांची एक सवय मात्र माझ्यापाशी राहून गेली आहे. चढ चढून आलेली गाडी लगेच बंद करायची नाही, अशी त्यांची ताकीद होती. टर्बोचं चाक भन्नाट फिरत असतं, इंजिन बंद केलं की तेल थांबतं आणि दांडा जळतो. म्हणून पोचल्यावर दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवायचं, त्याला निवू द्यायचं. त्या संध्याकाळी धुळ्याला दारात आल्यावर भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर किल्लीला हात घालत होता, तर मी म्हटलं, "राहू द्या. दोन मिनिटं."

तो म्हणाला, "मॅडम, हिला टर्बो नाही. लगेच बंद केली तरी चालते."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "तरी राहू द्या."

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि हात मागं घेतला. इंजिन शांतपणे चालू होतं. मी मागं टेकून ते ऐकत बसले, आणि पुरेसं झालं असं वाटल्यावर त्याला सांगितलं, "हं, आता करा बंद."